चारित्र्य घडवायचं अ‍ॅप, आणि त्यात पहिला नंबर कोणाचा?

पाचपैकी तीन स्टार देतोय, आणि त्यातले अडीच नुसते रात्रीच्या प्रश्नांचे आहेत. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या जातीची ढीगभर अ‍ॅप आलीत आणि थोड्याफार फरकाने साचा सगळ्यांचा एकच. सकाळी एक गुण निवडायचा, म्हणजे प्रामाणिकपणा, संयम, धीर, कृतज्ञता असं काहीतरी, दिवसभर तो डोक्यात ठेवायचा, रात्री हिरवी टिक मारायची, मग स्ट्रीक (सलग किती दिवस जमलं त्याचा आकडा), पॉइंट्स, बॅज आणि लीडरबोर्ड. जाहिरातीत म्हणतात की पद, पैसा, फॉलोअर्स यांच्यामागची पळापळ थांबवा आणि आतून माणूस घडवा. छान आहे. मग अ‍ॅप उघडल्या उघडल्या पहिला स्क्रीन कसला, तर तुमच्या कॉन्टॅक्टमधल्या लोकांत तुम्ही कितवे आहात ते बघा!

आधी चांगलं सांगतो. रात्री तीन प्रश्न येतात. आज दिलेला कुठला शब्द पाळला नाही, कोणाच्या तोंडावर एक आणि पाठीमागे दुसरं बोललात, आणि कोणाला कळणार नव्हतं अशा ठिकाणी कसे वागलात. बास एवढंच. उत्तरं लॉक असतात, कोणाला दिसत नाहीत, त्यांना पॉइंट्स नाहीत, शेअरचं बटण नाही. सुरुवातीला माणूस इथेही शाळेतला निबंधच लिहितो, "आज थोडी चिडचिड झाली पण लगेच सावरलं" छापाचं, पण वाचणारं कोणीच नाही हे एकदा पक्कं बसलं की भाषा बदलते, वाक्यं लहान होतात आणि खरी नावं यायला लागतात. ही काही अ‍ॅपवाल्यांची अक्कल नाही म्हणा, रोमन तत्त्वज्ञ सेनेका दोन हजार वर्षांपूर्वी हेच करायचा आणि त्याने ते लिहूनही ठेवलंय: रात्री दिवा काढून नेला आणि बायको गप्प झाली (तिला त्याची सवय माहीत होती) की दिवसभरातलं सगळं बोलणं-वागणं तपासायचं आणि स्वतःपासून काही लपवायचं नाही. त्यात प्रेक्षकच नाही, तिथेच त्या पद्धतीचा जोर आहे.

आता टिक मारायचा भाग. अ‍ॅपमध्ये अमेरिकेच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या बेंजामिन फ्रँकलिनचं नाव मोठ्या अभिमानाने घातलंय, की त्याची पद्धत आम्ही मोबाईलवर आणली. अर्धीच आणलीय. फ्रँकलिनने 13 गुणांची यादी केली होती, दर आठवड्याला एका गुणावर जास्त लक्ष द्यायचं, म्हणजे 13 आठवड्यांत एक फेरी आणि वर्षात चार फेऱ्या. एकेका गुणावर लक्ष द्यायचं, इथपर्यंत अ‍ॅपमध्ये तसंच आहे. पण त्याच्या वहीत चूक झाली की काळा ठिपका पडायचा, जमलं तर चौकट कोरी राहायची. म्हणजे तो स्वतःच्या चुका मोजत होता, शाबासकी नाही. ठिपके खोडून खोडून कागदाला भोकं पडली म्हणून शेवटी त्याने हस्तिदंती पानांचं टिपणबुक घेतलं, ओल्या स्पंजने पुसता येईल असं! अ‍ॅपने हे बरोब्बर उलटं केलं, जमलं की हिरवी टिक आणि फटाक्यांचं अ‍ॅनिमेशन. फरक बारीक वाटतो पण वापरताना जाणवतो, काळे ठिपके मिरवायला कोणाला आवडणारेत? हिरव्या टिकांचा मात्र स्क्रीनशॉट निघतो. आणि फ्रँकलिनने हेही लिहिलंय की नीटनेटकेपणा त्याला शेवटपर्यंत नीट जमला नाही, आणि अहंकार पूर्ण जिंकलाच समजा तरी मग आपल्या नम्रतेचाच अभिमान वाटेल. अ‍ॅपमध्ये नम्रतेचा गोल्ड बॅज आहे. मी गंमत करत नाहीये, खरंच आहे, आणि तो प्रोफाइल फोटोखाली चमकतो.

स्ट्रीकचं तर सगळ्यात वाईट. एक दिवस चुकला की आकडा शून्यावर. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि तिच्या सहकाऱ्यांचा 2010 चा अभ्यास आहे, 96 लोकांनी रोज एक नवी गोष्ट करायला घेतली, ती अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले, पण माणसागणिक फरक 18 पासून 254 दिवसांपर्यंत, आणि मधे एखादा दिवस चुकल्याने फारसं काही बिघडलं नाही. अ‍ॅप मात्र "21 दिवसांत नवा तुम्ही" असं सांगून विकतंय, पी हळद हो गोरी. त्यात त्या अभ्यासातल्या गोष्टी फळ खाणं, पाणी पिणं, व्यायाम अशा होत्या. खरं बोलून नुकसान सोसायची वेळ रोज ठरलेल्या टायमाला येत नाही हो, कधी महिनाभर येणार नाही आणि मग एका मीटिंगमध्ये अचानक समोर उभी राहील, जिथे चूक तुमच्या टीमची असते आणि दोष दुसऱ्यावर आयता ढकलता येत असतो. त्या दिवसाची टिक आणि ज्या दिवशी काहीच घडलं नाही त्या दिवशीची टिक, दोन्हींना दहाच पॉइंट्स. शिवाय मी खरंच तसा वागलो का हे अ‍ॅपला कळायला काही मार्ग नाही, म्हणजे प्रामाणिकपणाचे पॉइंट्स खोटं बोलूनही मिळतात.

बॅजचंही असंच. 1973 मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या मुलांवर प्रयोग केला होता, ज्यांना स्केचपेनने चित्रं काढायला मुळात आवडायचं अशीच मुलं घेतली, त्यातल्या काहींना आधी सांगितलं की चित्र काढलंत तर सर्टिफिकेट मिळेल. नंतर मोकळ्या वेळात तीच मुलं चित्रांकडे बाकीच्यांपेक्षा कमी वळली. ज्यांना न सांगता अचानक बक्षीस दिलं त्यांचं तसं झालं नाही. आता चांगुलपणाला आधीच जाहीर केलेली 40-50 बक्षिसं लावली तर काय होणार, विचार करा.

"चारित्र्य स्कोअर" नावाचा एकच आकडा येतो, त्याच्याबद्दल थोडक्यात. अमेरिकेत 1920 च्या दशकात हार्टशोर्न आणि मे या संशोधकांनी हजारो शाळकरी मुलांना वेगवेगळ्या ठिकाणी लबाडी करायची संधी देऊन पाहिलं, आणि निघालं असं की परीक्षेत कॉपी न करणारं मूल खेळात किंवा घरी खोटं बोलणारच नाही असं काही सांगता येत नाही. मोठ्यांचंही बघा ना, पैशाला एकदम चोख असलेला माणूस "निघालोच आहे, पाच मिनिटांत पोचतो" हे अंथरुणातून बोलतो. त्या माणसाचा स्कोअर 72 म्हणजे नक्की कशाचा?

कमेंटमध्ये कोणीतरी म्हणणारच की मग यश नकोच का, करिअर सोडून द्यायचं का. तसं मी कुठे म्हणतोय. मार्कस ऑरेलियस रोमचा सम्राट होता, त्याच्यापेक्षा मोठं पद तेव्हा तिथे नव्हतंच, आणि तरी तो स्वतःलाच बजावणाऱ्या नोंदी लिहीत बसायचा. तेव्हा प्रमोशन घ्या, खुशाल घ्या. माझी तक्रार एवढीच आहे की जे अ‍ॅप प्रतिष्ठेच्या शर्यतीतून बाहेर काढतो म्हणतं त्याने त्याच शर्यतीचा नवा ट्रॅक आखून दिलाय, आधी गाडी आणि डेसिग्नेशन दाखवायचे, आता संयमाची लेव्हल 9 दाखवायची.

वापरायचंच असेल तर हे करा. इन्स्टॉल करताना कॉन्टॅक्टची परवानगी देऊ नका, लीडरबोर्ड रिकामा राहतो. सेटिंगमध्ये प्रायव्हसीच्या आत, पार तळाशी, "प्रोफाइल लपवा" आहे ते ऑन करा. सकाळचं नोटिफिकेशन बंद, रात्रीचं चालू. पेड व्हर्जनमध्ये जास्तीचे बॅज आणि शेअर कार्डांची डिझाइन्स सोडली तर काही नाही, त्यामुळे फ्री पुरेसं आहे. रात्रीची उत्तरं एक्सपोर्ट होतात, साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, हे मात्र मनापासून आवडलं. पुढच्या अपडेटमध्ये त्यांनी हिरव्या टिकच्या जागी ठिपका द्यायचा ऑप्शन दिला आणि स्ट्रीक काढून टाकला तर चौथा स्टार देईन. पाचवा नाही, कारण हेच तीन प्रश्न कुठल्याही वहीत लिहिता येतात आणि वहीला बॅटरी लागत नाही.