डीओचा कोळसा म्हणून चारी: ६,००,३१० रुपयांचा हिशोब

नागपूरजवळच्या हिंगणा, बुटीबोरी, कळमेश्वर भागात लहान बॉयलर चालवणाऱ्या सगळ्यांनी हे वाचा. ‘भाऊ, डीओचा माल आहे, मुदत संपत आली, स्वस्तात सोडतोय’ असा फोन तुम्हाला आला नसेल तर येईल. डीओ म्हणजे डिलिव्हरी ऑर्डर, सरकारी कंपनीचा कोळसा खाणीतून उचलायचा कागद. आमच्या कारखान्याचे यात ६,००,३१० रुपये गेले. शिवाय आवारात शंभर टनांच्या आसपास असा काळा कचरा, म्हणजे चारी, भट्टीत आधीच जळून गेलेला कोळसा, येऊन पडला की बॉयलरवाला त्याला फावडं लावायला तयार नाही.

‘लोभ नडला’ असं म्हणणाऱ्यांना आधीच सांगतो, दर संशय यावा इतका कमी नव्हता. बाजारात टनाला ३,८०० च्या आसपास भाव होता, हा ३,१०० म्हणत होता, आणि त्याचं कारण पटण्यासारखं होतं. सरकारी कंपनीच्या ई-लिलावात बोली लागली, पैसे भरले की बोलीदाराच्या नावानं डिलिव्हरी ऑर्डर निघते. रस्त्यानं उचलायच्या मालाला साधारण ४५ दिवस मिळतात. तेवढ्यात उचल झाली नाही की राहिलेल्या टनांवरची ठेव बुडते. त्यामुळे शेवटच्या आठवड्यात अडकलेले व्यापारी खरोखरच कमी दरात माल काढतात. कोळशाच्या धंद्यातल्या कोणालाही विचारा. फसवणारा खोट्याची सुरुवात या खऱ्यापासून करतो.

सौदा २५० टनांचा. जी-१० ग्रेड, म्हणजे किलोमागे ४,३०० ते ४,६०० किलोकॅलरी उष्णता देणारा. दर टनाला ३,१०० रुपये, त्यावर ५ टक्के जीएसटी १५५ रुपये आणि भरपाई उपकर ४०० रुपये. टनाला ३,६५५, एकूण ९,१३,७५०. वर ‘लोडिंग-लिफ्टिंग’ म्हणून टनाला १४०, म्हणजे ३५,०००. गाडीभाडं वेगळं. सगळी रक्कम आगाऊ, आरटीजीएसनं, चालू खात्यात. खात्याचं नाव आणि जीएसटी नोंदणीचं नाव एकच. रोखीत एक पैसा दिलेला नाही, हे मुद्दाम लिहितोय, कारण पुढे प्रत्येक टेबलावर पहिला प्रश्न ‘रोख दिले का?’ हाच होता.

आता त्या उपकराबद्दल. बिल ऑक्टोबर २०२५ चं. कोळशावरचा टनामागे ४०० रुपयांचा भरपाई उपकर २२ सप्टेंबर २०२५ पासून बंद झाला आणि जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. म्हणजे बिलावर तो रकाना असायलाच नको होता. पण गंमत बघा, गंमत कसली, डोकं फिरतं: ३,१०० वर १८ टक्के होतात ५५८ रुपये. जुन्या पद्धतीनं होतात ५५५. टनाला तीन रुपयांचा फरक! आमच्याकडे बिल तपासणाऱ्यानं टनाची एकूण किंमत आपल्या अंदाजाशी ताडून पाहिली, जुळली, पुढे गेला. जुलै २०१७ पासून आठ वर्षं कोळशाच्या प्रत्येक बिलावर तो ४०० चा आकडा होता. सवयीची नजर तिथे थांबत नाही, आणि त्यासाठी मी आमच्या माणसाला बोल लावणार नाही. पण एवढं कळायला हवं होतं की खरंच रिटर्न भरणारा व्यापारी असं बिल काढूच शकत नाही, पहिल्याच महिन्यात अडकेल. बिलातच लिहिलेलं होतं की हा माणूस कर भरणार नाही. सगळे कागद समोर होते, आणि सगळ्यांनी बेरीज पाहिली.

डीओची पीडीएफ आली होती. त्यावर धारकाचं नाव वेगळं. विचारलं तर ‘आपलीच सिस्टर कन्सर्न आहे भाऊ, टेन्शन नका घेऊ.’ डीओ दुसऱ्याच्या नावावर होत नाही. धारक उचलीसाठी प्रतिनिधी नेमतो, त्याचं अधिकारपत्र कोळसा कंपनीच्या विक्री कार्यालयात आणि खाणीवर जमा असतं. त्याची शिक्क्याची प्रत मागा. ती खोटी बनवायला जास्त कष्ट पडतात. दुसरं, कोळसा नियंत्रक दर वर्षी प्रत्येक खाणीची ग्रेड जाहीर करतो, ती १ एप्रिलपासून लागू होते. डीओवरच्या खाणीचं नाव त्या यादीत शोधा. आमच्या डीओवर छापलेली खाण खरी होती, तिची ग्रेड मात्र यादीत जी-१० नव्हतीच. पाच मिनिटांचं काम. आणि कोणी ‘लिंकेजचा माल आहे’ म्हणाला तर फोन ठेवा. लिंकेज, म्हणजे इंधन पुरवठा करारातला कोळसा, ज्याच्या कारखान्यासाठी मिळाला त्यानंच जाळायचा असतो, तो बाजारात विकायची परवानगीच नाही.

गाड्या आल्या चार, चौदा चाकी. कागदावर वजन २८.१०, २७.८५, २८.३० आणि २८.१५, बेरीज ११२.४० टन. नंतर फोन बंद. राहिलेल्या १३७.६० टनांचे ५,०२,९२८ रुपये गेले. ‘लोडिंग-लिफ्टिंग’च्या नावानं घेतलेले ३५,००० गेले. आलेल्या मालावर जीएसटी म्हणून १७,४२२ आणि अस्तित्वातच नसलेल्या उपकराचे ४४,९६० असे ६२,३८२ घेतले, ते सरकारजमा नाहीत, त्यामुळे क्रेडिटही (भरलेल्या कराची वजावट) नाही. झाले ६,००,३१०. आलेल्या मालाचं नुकसान यात धरलेलंच नाही.

तिसऱ्या गाडीला ड्रायव्हरला बाहेरच्या धर्मकाट्यावर पाठवलं. पावतीवर २८.३०, काट्यावर २६.७०. १.६ टन कमी, आणि तेही माल ओला असताना. ड्रायव्हर म्हणे, ‘रस्त्यात पाणी गळलं साहेब.’ पाणी गळलं असेल तर आम्ही ३,६५५ रुपये टनानं पाणी घेत होतो का?

खरा खेळ खाणीच्या गेटपासून तुमच्या गेटपर्यंतच्या रस्त्यात होतो. खाणीवर आधी रिकामी गाडी काट्यावर जाते, मग लोडर भरतो, मग भरलेली गाडी काट्यावर, मग चलन. तिथली पावती खरी असू शकते. नंतर गाडी एखाद्या डेपोत वळते, चांगला ढेला उतरतो, त्याच्या जागी चारी आणि दगडी शेल भरतात, वरून पाण्याचा पाइप आणि ताडपत्री. उमरेडकडून हिंगण्याला यायला भरलेल्या गाडीला फार तर अडीच तास. पावतीवर भरल्या वजनाची वेळ सकाळची ७.१० आणि गाडी आमच्या गेटवर रात्री ९.४०. मधले तास कुठे गेले, हे गेटवरच्या वहीत वेळ लिहिणाऱ्याला दिसतं, खरेदी पाहणाऱ्याला दिसत नाही. दोघांच्या वह्या एकत्र ठेवा. पावतीवरचं रिकाम्या गाडीचं वजनही आरसीवरच्या वजनाशी ताडा. दोन वेगळ्या गाड्यांचं रिकामं वजन दशांशापर्यंत सारखं दिसलं तर पावती संगणकावर बनलेली आहे.

चारी म्हणजे स्पंज आयर्नच्या भट्टीतून निघालेला जळका माल. त्यातला वायू आधीच उडालेला असतो. म्हणून ती पेटायला वेळ लावते, ज्योत धरत नाही, नुसती लाल होते. आमच्या बॉयलरच्या ग्रेटवर (कोळसा जळतो त्या जाळीवर) आग मध्येच बसायची, दाब १० किलोवरून ६ वर यायचा, पंखा वाढवला की बारीक चारी न जळताच धुराड्याकडे. राखेत काळे दाणे तसेच. ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही: तुकडा हलका, सच्छिद्र, चकाकी नाही. चुऱ्यावरून लोहचुंबक फिरवा, चारीत लोखंडाचे बारीक कण राहिलेले असले तर चिकटतात. ओंजळभर माल निखाऱ्यावर टाका. आपल्याकडचा कोळसा पिवळी ज्योत आणि धूर देतो, चारी देत नाही.

तरी प्रयोगशाळेत दिला. ओलावा ८.६ टक्के, राख ५२.४ टक्के, उष्मांक ३,०६०. जी-१० च्या पैशात जी-१५. विक्रेत्यानं आधी पाठवलेला अहवाल चांगला होता, पण तो हवेत वाळवलेल्या नमुन्याचा. खाणीची ग्रेडही ४० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रतेत स्थिरावलेल्या नमुन्यावर ठरते. तुमच्या बॉयलरमध्ये माल जसा आला तसा जातो. म्हणून खरेदी आदेशात उष्मांक ‘आला तसा’, म्हणजे एआरबीवर, असं लिहा आणि राखेची कमाल मर्यादाही टाका. त्याशिवाय भांडायला काही उरत नाही. नमुना वरचा ढेला उचलून घेऊ नका. वरचा थर सजवलेला असतो. हातभर खणून चार-पाच जागांचा माल घ्या, फोडून एकत्र करा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्या, असं करत उरेल तो तीन पिशव्यांत सीलबंद करा. एका पिशवीवर ड्रायव्हरची सही. सही देत नसेल तर गाडी रिकामी करू नका.

आता दाद मागण्याबद्दल. ठाण्यात सांगितलं, ‘हा व्यवहारातला वाद आहे, दिवाणीत जा.’ बनावट डीओ, बंद झालेल्या कराची वसुली, कमी वजन, चारी, आणि हा व्यवहारातला वाद! मग हद्दीचा खेळ. पैसे शहरातून गेले, खाण ग्रामीणमध्ये, नोंदणीचा पत्ता तिसऱ्याच जिल्ह्यात. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवायला हवी. कलम वाचून दाखवलं तर साहेबांचा चेहरा असा, जणू आम्हीच चारी विकून आलोय. बँकेत म्हणाले, खातं गोठवायला पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणाले, आधी खात्यात पैसे आहेत का ते बँकेकडून आणा. बँक म्हणते, दुसऱ्याच्या खात्याची माहिती देता येत नाही. फिरा! करखात्यात तर उलटा धाक: ‘तुम्ही अशा माणसाकडून घेतलंच कसं? क्रेडिट घेतलं असेल तर व्याजासह परत करा.’ नोंदणी क्रमांक दिला कोणी, हो? ग्राहक आयोगाचा रस्ता बंद, कारण व्यापारी कामासाठीची खरेदी त्यात बसत नाही. लघुउद्योगांसाठी सरकारनं थकबाकीची सोय केली आहे ती माल विकणाऱ्यासाठी. माल घेऊन बुडालेल्याला तिथे खिडकीच नाही. कोळसा कार्यालयात एकच वाक्य, की व्यवहार डीओधारकाशी असतो, तुम्ही कोण? कायद्यानं ते बरोबरही असेल. पण त्यांच्या नावाचा खोटा कागद बाजारात फिरतोय याचं कोणालाच काही वाटू नये?

तक्रार दिलीत तर पोच घेतल्याशिवाय उठू नका. गुन्हा नोंदवला नाही तर तोच मजकूर टपालानं वरिष्ठांकडे पाठवा, टपालाची पावती जपा, मग नागरिक सुरक्षा संहितेच्याच कलम १७५(३) खाली दंडाधिकाऱ्यांकडे शपथपत्रासह अर्ज करा. आधीच्या दोन्ही पायऱ्यांचे कागद तिथे मागतात. फसवणुकीचं कलम न्याय संहितेतलं ३१८(४), अर्जात स्वतःच लिहा. मेसेज, पीडीएफ आणि गेटच्या कॅमेऱ्याचं चित्रण लगेच उतरवून ठेवा. बऱ्याच कॅमेऱ्यांत जुनं आपोआप पुसलं जातं.

विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकून शेवटचं रिटर्न कधी भरलंय ते पैसे पाठवण्याच्या दिवशी बघा, ओळख झाल्याच्या दिवशी नव्हे. ई-वे बिलात (मालाच्या गाडीसोबतच्या जीएसटीच्या कागदात) ‘पाठवण्याचं ठिकाण’ वाचा. खाणीचा पिनकोड नसेल तर माल खाणीतून थेट आलेला नाही. एका गाडीपेक्षा जास्तीचे पैसे आगाऊ देऊ नका.

हाच डीओ आता दुसऱ्या फर्मच्या नावानं फिरतोय. क्रमांकाचे शेवटचे आकडे तेच, फक्त खाण बदलली आहे. आणि बिलाच्या नमुन्यात उपकर काढून १८ टक्के असं दुरुस्तही केलंय. त्यामुळे त्या रकान्यावर आता विसंबू नका. विक्रेत्यालाच सोबत घेऊन विक्री कार्यालयात चला म्हणा, अधिकारपत्र तिथल्या खिडकीवर दाखवू दे. ‘आज साहेब नाहीत’ म्हणाला तर पैसेही आज नाहीत.