एकदिशा कापड की मॅट?

वाळूजच्या शेडमध्ये कपाशीवर फवारायचा ट्रॅक्टरचा बूम, म्हणजे नोझल लावायचा लांब आडवा दांडा, काचतंतूंचा करायचा होता. मामा म्हणाले, "मॅटच लाव, डोक्याला ताप नाही."

मॅटमध्ये आखूड तंतू वाटेल तसे पसरलेले असतात. ताकद बेताची, पण चहूबाजूंनी सारखी. मॅट थोडी तिरकी बसली तरी काही बिघडत नाही.

एकदिशा कापडात सगळे तंतू एकाच दिशेने. त्या दिशेने ओढलं तर मॅट त्याच्या जवळपासही येत नाही. पण तंतू ताणापासून 10 अंश फिरले, की ताकद साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येते. कारण भार तंतूंवरून सरकून मधल्या रेझिनवर, म्हणजे तंतूंना धरून ठेवणाऱ्या चिकट द्रवावर जो नंतर घट्ट होतो, त्यावर घसरतो. तुटलेला तुकडा बघा, तंतू शाबूत असतात, भेग त्यांच्या कडेने कळक उभा फाटावा तशी गेलेली असते. पार आडवा ओढला तर मॅटच सरस. दाबात तर तंतूंमधली दोन-तीन अंशांची लाटही नडते, तंतू तिथेच मुडपतात.

आमचा पहिला बूम वळणापाशी मोडला. रोलर जोरात फिरवला, ओलं कापड सरकलं, आणि ते दिसलं रेझिन वाळल्यावर. मामांना अजून सांगितलेलं नाही. लांब सरळ भागाला मी एकदिशाच वापरतो, वळणाला आणि बोल्टच्या भोकांभोवती मॅट.