भिंतीवरचे कापडी खिसे: दहा महिने वापरून झाल्यावर

फोटोत ते झाडं लावायचे खिसे इतके देखणे दिसत होते की भिंत मोजायच्या आधीच मागवले. जाड, नमद्यासारख्या काळ्या कापडाचा एक पडदा आणि त्यावर चार ओळींत तीन-तीन असे बारा खिसे. बाल्कनीत खाली जागा नव्हती, भिंत मात्र रिकामी होती, म्हणून हे डोक्यात बसलं. आज बारापैकी पाचच खिशांत झाडं आहेत. तरीही बाल्कनी पूर्वीपेक्षा कितीतरी बरी दिसते, पण त्याचं श्रेय खिशांना जात नाही.

पहिला महिना मजेत गेला. सगळ्यात वर नेचे लावले, कारण त्यांची पानं खाली झुकली की छान दिसतील असं वाटलं. मधल्या दोन ओळींत स्पायडर प्लांट, सिंगोनियम आणि मनी प्लांट. तळाला चिनी गुलाब, म्हणजे फुलं समोर. दुसऱ्या महिन्यात नेच्यांची टोकं करपली आणि चिनी गुलाब कुजून गेला.

मी सगळ्यांना सारखंच पाणी घालत होते, तिथेच चुकत होतं. कापडातून पाणी झिरपतं आणि वरच्या खिशातलं पाणी खालच्यात उतरतं. वरची ओळ सकाळी भिजवली तर दुपारी कोरडी, तळाची दुसऱ्या दिवशीही चिंब. एकदा वरच्या खिशात बोट खुपसून पाहिलं तर माती आकसून कापडापासून सुटलेली, मध्ये बोटाच्या पेराएवढी फट. झारीचं पाणी त्या फटीतून थेट खाली जात होतं, मुळांशी थेंबही नाही. मग अख्खा क्रम उलटा केला: कोरडं सोसणारी झाडं वर, पाण्याला हपापलेली खाली. नेचे तळाला गेले आणि महिन्याभरात नवीन गुंडाळ्या उलगडायला लागल्या. नव्याने लावलेल्या चिनी गुलाबाने वर तग धरला, पण फुलं डोक्याच्या वर, बघायला मान वाकडी करावी लागायची. शेवटी तो उथळ कुंडीत उतरवला.

चौथ्या महिन्यात बाबांनी पडद्याची कड उचलून दाखवली. "ही भिंत घामेजलीय बघ." रंगाला पोपडे आणि मागे काळी बुरशी. हे वस्तूच्या वर्णनात कुठेही लिहिलेलं नव्हतं, याचा मला अजून राग आहे. आता भिंतीवर दोन आडव्या लाकडी पट्ट्या ठोकून पडदा त्यांवर टांगलाय, मागे दोन बोटं हवा खेळते आणि पडद्याच्या पाठीला जाड प्लॅस्टिक आहे. वजनाचाही विचार आधी करा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, आणि ओल्या मातीचं वजन त्याहून कमी नसतं. खिशात दोन लिटर मावत असेल तर बारा खिशांचे चोवीस किलो झाले. सोबत आलेल्या खिळ्यांपैकी एक त्या भाराने भिंतीतून निसटलाच.

खिशांतून उठवलेली झाडं ठेवायची कुठे, म्हणून मातीच्या कुंड्या कोपऱ्यात कशाबशा कोंबल्या. खरी बाग तिथे झाली. रिकाम्या कुंड्या उपड्या घालून त्यांवर भरलेल्या ठेवल्या आणि तीन पायऱ्या आपोआप तयार झाल्या. मागे तलवारीसारखी ताठ सॅन्सेव्हिएरिया, मध्ये किरमिजी पानांचा भरगच्च कोलियस, पुढे कडेवरून ओघळणारा मनी प्लांट. एक उंच, एक दाट, एक लोंबणारं, एवढं जमलं की कोपरा भरून दिसतो. आधी हे तिन्ही एकाच मोठ्या कुंडीत लावून पाहिलं होतं. कोलियस दुपारी मान टाकायचा म्हणून रोज पाणी, आणि त्या रोजच्या पाण्याने सॅन्सेव्हिएरियाचा बुंधा मऊ पडला. आता कुंड्या वेगळ्या आहेत, फक्त एकमेकींना खेटून ठेवल्यात. लांबून एकच कुंडी वाटते आणि पाणी मात्र ज्याचं त्याला. कोलियसचे शेंडे खुडत राहिलं तर तो दाट होतो, नाहीतर काडीसारखा वर जातो.

मातीच्या कुंडीच्या अंगातून पाणी उडतं, त्यामुळे प्लॅस्टिकपेक्षा ती लवकर सुकते, पण मुळं गारव्यात राहतात. बाहेरून पांढरट क्षार फुटतात. आई ते घासून काढते. मला ते तसेच आवडतात, यावर आमचं एकमत होणार नाही.

पत्र्याच्या जुन्या बादलीचीही कुंडी केली. तळाला खिळ्याने पाच भोकं पाडली आणि आधी त्यावर निचऱ्यासाठी खड्यांचा थर दिला. तो नंतर काढून टाकला. बारीक माती पुरती भिजेपर्यंत पाणी खाली खड्यांत उतरतच नाही, म्हणजे चिखलाचा पट्टा उलट मुळांच्या जवळ सरकतो. भोकावर जाळीचा तुकडा पुरतो. उन्हात पत्रा हाताला चटका बसेल इतका तापतो, म्हणून आत प्लॅस्टिकची कुंडी बसवली आणि कडेने थोडी पोकळी ठेवली. आता बादली फक्त मिरवायला.

कुंड्यांखालच्या बशांत साचलेलं पाणी आठवड्यातून दोनदा ओतून द्या. उबदार हवेत डासाच्या अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. हे मी डास चावल्यावर शिकले.

खिशांना पाचपैकी दोन गुण. तळाच्या तीन खिशांतले नेचे आणि त्यांच्यावरचे दोन स्पायडर प्लांट खरोखर सुरेख आहेत, म्हणून शून्य देववत नाही. सगळ्यात वरच्या ओळीत आता कात्री, खुरपं आणि सुतळीचं बंडल असतं. त्या कामात मात्र खिशांनी एकदाही तक्रारीला जागा दिलेली नाही.