काही महिन्यांच्या वापरानंतर: दोन दारांचा फ्रॉस्ट-फ्री फ्रिज, कमी झालेलं कूलिंग आणि रीसेटचा खरा उपयोग

वर फ्रीजर, खाली मोठा कप्पा, आत इन्व्हर्टर कॉम्प्रेसर, म्हणजे गरजेनुसार गती कमी-जास्त करणारा. नवा असताना या प्रकारचा जवळजवळ कुठलाही फ्रिज छानच चालतो. त्याची पारख होते ती दाराचं रबर मळल्यावर, मागे-खाली धूळ धरल्यावर आणि डीफ्रॉस्टची, म्हणजे साचलेला बर्फ आपोआप वितळवण्याची, शेकडो चक्रं झाल्यावर. म्हणून डबे किती मावतात, दिवा कसा आहे यावर वेळ न घालवता इथे एकाच गोष्टीबद्दल सविस्तर लिहिलं आहे: कूलिंग कमी झालं तर काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने.

रोजच्या वापराला हा प्रकार चांगलाच आहे. बर्फ खरवडावा लागत नाही, तापमान फारसं वरखाली होत नाही, आवाज कमी. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर तासन्‌तास हळू गतीने चालत राहतो. तो बिघाड नाही, तसाच चालायला तो बनवलेला असतो. बऱ्याच मॉडेलमध्ये बाजूच्या भिंती कोमट लागतात, कारण गरम गॅसची नळी भिंतीच्या आतून फिरवलेली असते. दोन दारांमधली पट्टीही कोमट असते; तिथे दव धरू नये म्हणून ती मुद्दाम तशी ठेवतात.

दुबळी बाजू एकच, पण मोठी. दोन्ही कप्प्यांची थंडी फ्रीजरच्या मागच्या पॅनलआड असलेल्या एकाच कॉइलवर (गार नळ्यांच्या वेटोळ्यावर) तयार होते आणि एकच छोटा पंखा ती सगळीकडे पोचवतो. बर्फ साचलाच तर तो या पॅनलच्या आड, डोळ्यांना न दिसता. प्लग काढून फ्रिज काही तास बंद ठेवला की त्यातला थोडा वितळतो, चार दिवस सगळं ठीक वाटतं आणि दुरुस्ती लांबते. रीसेटनंतर, म्हणजे प्लग काढून थोड्या वेळाने परत लावल्यावर, फ्रिज चालू झाला यावर समाधान मानू नका. तो किती वेळ नीट चालला ते नोंदवा. बिघाड कुठे आहे याची निम्मी माहिती तिथेच मिळते.

तापमान मोजल्याशिवाय काहीच ठरवू नका

डिस्प्लेवरचा आकडा बहुतेक वेळा तुम्ही मागितलेलं तापमान असतं, आतलं प्रत्यक्ष तापमान नव्हे. साधा फ्रिज-थर्मामीटर घ्या, तो पाण्याच्या ग्लासात बुडवून मधल्या फळीवर रात्रभर ठेवा आणि सकाळी दार पहिल्यांदा उघडताच वाचा. हवेचं तापमान दार उघडताच बदलतं, पाण्याचं नाही, म्हणून ग्लास. खालच्या कप्प्यात ३ ते ४ अंश सेल्सिअस हवं, ५ च्या वर जायला नको. फ्रीजरमध्ये थर्मामीटर गोठलेल्या दोन पाकिटांच्या मध्ये दाबून ठेवा. तिथे उणे १८ च्या आसपास आकडा हवा.

हे दोन आकडे मिळाले की पुढची दिशा ठरते. फ्रीजर उणे १८ आणि खाली १० अंश असेल, तर कॉम्प्रेसर आणि गॅस बहुधा ठीक आहेत, थंड हवा खाली पोचत नाहीये. दोन्हीकडे गरम असेल तर कॉम्प्रेसर, त्याचा वीजपुरवठा, कॉइलवरचा बर्फ किंवा गॅस यांपैकी काहीतरी. खाली वस्तू गोठत असतील तर डॅम्पर, म्हणजे हवेची झडप, उघडी अडकली आहे किंवा खालचा सेन्सर चुकीचं तापमान सांगतोय.

फुकटात सुटणाऱ्या गोष्टी

सेटिंग बघा. फिरवायच्या नॉबवरचे १ ते ५ हे आकडे अंश नसतात. सहसा आकडा मोठा तितकी थंडी जास्त. दोन नॉब असलेल्या अनेक फ्रिजमध्ये फ्रीजरचा नॉब म्हणजे प्रत्यक्षात डॅम्परच असतो. तो सगळ्यात थंडवर नेला की खाली जाणारी हवा कमी होते. खाली कूलिंग नाही म्हणून दोन्ही नॉब टोकाला फिरवणं ही सर्रास होणारी गोष्ट आहे आणि तिने त्रास वाढतो. फ्रीजरचा नॉब मध्यावर ठेवा आणि २४ तास थांबा.

डिस्प्ले असलेल्या बऱ्याच मॉडेलमध्ये दुकानात दाखवण्यासाठीचा डेमो मोड असतो. दिवे लागतात, बटणं चालतात, पंखाही फिरतो, फक्त कॉम्प्रेसर सुरू होत नाही. बटणं पुसताना दोन बटणं एकदम जास्त वेळ दाबली गेली तरी काही मॉडेल त्या मोडमध्ये जातात. त्यातून बाहेर कसं पडायचं ते त्या मॉडेलच्या माहितीपुस्तिकेतच मिळेल, प्रत्येकाची पद्धत वेगळी.

मग हवेच्या जाळ्या. फ्रीजरच्या मागच्या भिंतीला सामान टेकलं असेल तर हवा परत कॉइलकडे जात नाही. मागून चार-पाच सेंटीमीटर जागा सोडा. खालच्या कप्प्यातल्या हवेच्या झडपेसमोर मोठं पातेलं ठेवलं तरी खालच्या फळ्या गरम राहतात.

रबर तपासायला कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. थोडा अडथळा जाणवायला हवा. असं चारही बाजूंनी, विशेषतः बिजागरीच्या बाजूला आणि खालच्या कोपऱ्यात करा. पट्टी अलगद निघाली तर आधी कोमट साबणपाण्याने रबर आणि ते जिथे टेकतं ती कडा धुवा. दबलेला कोपरा हेअर ड्रायरने जरा लांबून ऊब देऊन आणि बोटाने बाहेर ओढून पुष्कळदा सरळ होतो. फाटलं असेल तर बदलाच. त्या फटीतून येणारी दमट हवाच कॉइलवर बर्फ होऊन बसते.

कंडेन्सर, म्हणजे गॅसची उष्णता बाहेर टाकणारी नळी, उघड्यावर असेल, म्हणजे मागे काळी जाळी दिसत असेल, तर प्लग काढून मऊ ब्रशने धूळ झाडा. भिंतीत लपवलेला असेल तर तिथे साफ करण्यासारखं काही नसतं, मागे-बाजूला मोकळी जागा तेवढी सोडायची. तळाशी कंडेन्सरचा पंखा असलेल्या मॉडेलमध्ये मात्र मागचं खालचं कव्हर वर्षातून एकदा उघडून धूळ काढणं मनापासून सुचवेन.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. फ्रिजच्या लेबलवर हवामान वर्ग लिहिलेला असतो. एन वर्गाचा फ्रिज १६ ते ३२ अंशांच्या खोलीसाठी, एसटी ३८ पर्यंत, टी ४३ पर्यंत. एन वर्गाचा फ्रिज चाळीस अंशांच्या बंद खोलीत कमी पडला तर त्यात बिघाड शोधून उपयोग नाही.

रीसेट नीट कसं करायचं

प्लग काढा आणि किमान १० मिनिटं थांबा. दोन कारणं आहेत. फ्रिज चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक बोर्डावरच्या कपॅसिटरमध्ये काही वेळ वीज राहते. ती संपल्याशिवाय बोर्ड नव्याने सुरू होत नाही. आणि कॉम्प्रेसर बंद झाल्यावर नळीतला दाब दोन्हीकडे सारखा व्हायला काही मिनिटं लागतात, कारण मधली कॅपिलरी नळी अतिशय बारीक असते. साधा कॉम्प्रेसर त्याआधी सुरू करायला गेलात तर तो दाबाविरुद्ध अडतो आणि ओव्हरलोड (कॉम्प्रेसरला जपणारा सुरक्षा-स्विच) ट्रिप होतो. झटपट बंद-चालू करणं म्हणूनच सगळ्यात वाईट.

प्लग परत लावताना थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावा, एक्स्टेन्शन बोर्ड मध्ये नको. सैल सॉकेटमुळे कॉम्प्रेसर सुरू होताना व्होल्टेज पडतं. इन्व्हर्टर फ्रिजमध्ये प्लग लावल्यावरही कॉम्प्रेसर काही मिनिटं मुद्दाम थांबतो, घाबरू नका. सेटिंग मध्यावर ठेवा, दार कमीत कमी उघडा आणि निकाल २४ तासांनीच वाचा.

रीसेटनंतर काय झालं, त्याचा अर्थ

काहीच फरक नाही आणि दर काही मिनिटांनी मागून टक् आवाज येतो: साधा कॉम्प्रेसर सुरू व्हायचा प्रयत्न करून ओव्हरलोडवर बंद पडतोय. रिले (कॉम्प्रेसर सुरू करून देणारा स्विच), कपॅसिटर किंवा व्होल्टेज तपासायचं. हे ठीक असेल तर कॉम्प्रेसरच अडकलेला. कॉम्प्रेसरच्या तीन पिनांमधला रोध मोजला तर साध्या मोटरमध्ये दोन लहान आकड्यांची बेरीज तिसऱ्याएवढी येते, इन्व्हर्टरमध्ये तिन्ही आकडे जवळजवळ सारखे. कुठल्याही पिनेपासून बॉडीपर्यंत कंटिन्युइटी (वीज जाण्याचा सलग मार्ग) मिळाली तर कॉम्प्रेसर गेला.

लगेच सगळं सुरळीत झालं आणि पुढे आठवडेच्या आठवडे टिकलं: वीज येता-जाता बोर्ड अडकला होता. वारंवार होत असेल तर बोर्ड किंवा वीजपुरवठा पाहावा लागेल, एखाद्या वेळी झालं तर सोडून द्या.

कॉम्प्रेसर चालतोय, फ्रीजर थंड आहे, पण खाली थंडी नाही: आतला पंखा ऐका. फ्रीजरचं दार उघडलं की पंखा थांबतो, म्हणून दाराचं बटण बोटाने दाबून धरा आणि कान द्या. काहीच आवाज नाही तर पंखा किंवा त्याची वायर. खरखर येत असेल तर पातं बर्फाला घासतंय. पंखा नीट फिरत असेल तर संशय डॅम्परवर.

प्लग काढून बरेच तास बंद ठेवल्यावर फ्रिज चार ते दहा दिवस उत्तम चालला आणि मग पुन्हा हळूहळू आधी खालचा कप्पा, नंतर फ्रीजर गरम होऊ लागला: हा डीफ्रॉस्टचा बिघाड आहे, आणि फ्रॉस्ट-फ्री प्रकारात अगदी नेहमी आढळणारा. 'गॅस कमी झाला' म्हणून गॅस भरून घेण्याचा खर्च बऱ्याचदा याच जागी वाया जातो. गॅस गळत असता तर बर्फ वितळवून पूर्ण आठवडा चांगला मिळाला नसता.

डीफ्रॉस्टचा बिघाड पकडायचा कसा

मोजणीआधी पूर्ण वितळवा (पॅनल उघडणार असाल तर त्याआधी कॉइलचा फोटो काढा, त्याबद्दल खाली लिहिलं आहे). फ्रिज रिकामा करा, प्लग काढा, दोन्ही दारं उघडी ठेवा, खाली टॉवेल अंथरा. पॅनलआडचा ठोकळा दोन-तीन तासांत जात नाही. पूर्ण एक दिवस द्या. सुरी, पेचकस, काहीही टोकदार लावू नका. कॉइलची ॲल्युमिनियमची नळी पातळ असते, एक भोक पडलं की साधी दुरुस्ती महागड्या दुरुस्तीत बदलते. ज्योत तर चुकूनही नको, कारण आजच्या बहुतेक फ्रिजमध्ये आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन असतो आणि तो पेट घेतो.

निचऱ्याचं भोक बघा. कॉइलखालच्या पन्हळीतून पाणी मागच्या ट्रेमध्ये जातं आणि कॉम्प्रेसरच्या उबेने सुकतं. भोक तुंबलं की फ्रीजरच्या तळाला बर्फाची लादी तयार होते किंवा भाजीच्या ट्रेखाली पाणी साचतं. मोठ्या सिरिंजने कोमट पाणी हळूहळू सोडा. मागच्या ट्रेमध्ये पाणी उतरलं की मार्ग मोकळा.

पॅनल उघडायची सवय असेल आणि मल्टीमीटर हाताशी असेल तर, प्लग काढलेला असतानाच, तीन गोष्टी मोजा. हीटर: २३० व्होल्टवर १५० वॅटचा हीटर सुमारे ३५० ओहम दाखवतो, २०० वॅटचा सुमारे २६५. अनंत आलं तर हीटर तुटला. थर्मल फ्यूज: कुठल्याही सामान्य तापमानाला कंटिन्युइटी हवीच, उडाला असेल तर हीटर चांगला असूनही तापत नाही. फ्यूज थेट जोडून टाकण्याचा शॉर्टकट कधीच घेऊ नका, हीटर बंद होण्यात गडबड झाली तर आग लागू नये म्हणून तो तिथे बसवलेला असतो. तिसरा बायमेटल (तापमानानुसार हीटर बंद करणारा स्विच) किंवा सेन्सर. इथे खूप जण फसतात: बायमेटल खोलीच्या तापमानाला उघडाच असतो, म्हणजे मीटरवर तो खराब वाटतो. तो बर्फात किंवा चालू फ्रीजरमध्ये गार करून मगच मोजा. सेन्सर एनटीसी प्रकारचा असतो, गार केला की त्याचा रोध वाढला पाहिजे. नेमका आकडा कंपनीनुसार बदलतो. हे सगळं ठीक निघालं तर जुन्या फ्रिजमध्ये टायमर आणि नव्यात बोर्ड.

पॅनल उघडल्यावर, बर्फ वितळवण्याआधी, कॉइलचा फोटो काढून ठेवा. सगळीकडे पातळ, एकसारखं पांढरं हिम म्हणजे कॉइल निरोगी. सगळी कॉइल जाड बर्फात गाडलेली म्हणजे डीफ्रॉस्ट. सुरुवातीच्या एक-दोन वेढ्यांवरच हिम आणि बाकी कोरडी, तर गॅस कमी किंवा नळी तुंबलेली. कॉम्प्रेसर अर्धा तास चालूनही हिमाचा पत्ता नाही आणि बाजूच्या भिंतीही गार, तर बहुधा गॅस पूर्ण गेला किंवा कॉम्प्रेसर दाब देत नाही.

गॅसपर्यंत गोष्ट गेली तर

हे घरी करायचं काम नाही. आर-६००ए फार थोडा लागतो, घरगुती फ्रिजमध्ये बहुधा काही दहा ग्रॅम. नेमकं वजन लेबलवर छापलेलं असतं. फ्रीजरच्या तापमानाला त्याचा दाब बाहेरच्या हवेपेक्षाही कमी असतो. त्यामुळे त्या बाजूला गळती असेल तर चालू फ्रिजमध्ये गॅस बाहेर येण्याऐवजी हवा आणि ओलावा आत खेचला जातो. म्हणूनच गळती न शोधता, फिल्टर न बदलता, व्हॅक्यूम पंप न लावता नुसता गेज बघून भरलेला गॅस टिकत नाही. मेकॅनिकला तीनच गोष्टी विचारा: गळती कुठे सापडली, व्हॅक्यूम किती वेळ केलं आणि गॅस वजनकाट्यावर मोजला का. समाधानकारक उत्तर नसेल तर काम देऊ नका.

दुरुस्तीनंतर दोन आठवडे रोज सकाळी ग्लासातलं तापमान लिहून ठेवा. डीफ्रॉस्टचा बिघाड राहिला असेल तर पहिले काही दिवस आकडे उत्तमच येतील. दुसऱ्या आठवड्यात ते ४ वरून ६, मग ८ असे चढू लागले की वॉरंटीच्या मुदतीतच मेकॅनिकला परत बोलवा आणि कॉइलचा फोटो दाखवा.