आवडत्या लेखकाची फसलेली कादंबरी: अर्ध्यावर सोडावी की पूर्ण वाचावी?

ज्या लेखकावर आपला जीव आहे, त्याची नवी कादंबरी अर्ध्यावर येऊनही पकड घेत नसेल, तर ती मिटून ठेवल्याने वेळ वाचतो आणि मनातला आदरही बराचसा शाबूत राहतो. शेवटपर्यंत वाचल्यास कंटाळा सोसावा लागतो, पण नव्या निवेदनपद्धतीचा प्रयोग करताना सूर हरवला, की जुन्याच पात्रांना नवी नावे देऊन लेखकाने स्वतःचीच पुनरावृत्ती केली, हे स्पष्ट दिसते. या दोन अपयशांत मोठा फरक आहे. पहिल्यात धाडस असते, दुसऱ्यात थकवा. अनोळखी लेखकाचे पुस्तक मी निःसंकोच सोडून देईन. आवडत्या लेखकाचे मात्र पूर्ण वाचणेच मला योग्य वाटते, कारण त्याच्या पुढच्या कादंबरीची वाट पाहावी की नाही, हे त्यावरूनच ठरवता येते.