ब्रिक्समीटर घेतला, गाजरं मोजली

थंडीत गाजरं गोड लागतात हे सगळेच सांगतात. किती गोड, ते कोणी सांगत नाही. घरातला हा वाद मिटवायला मी हातात धरायचा साधा रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे रसातली साखर मोजायचा ब्रिक्समीटर मागवला, ० ते ३२ ब्रिक्सचा. एक अख्खा हिवाळा वापरलाय, आता लिहायला हरकत नाही.

वस्तू म्हणजे वीतभर नळी. एका टोकाला तिरकी काच, तिच्यावर पारदर्शक झाकण. काचेवर दोन-तीन थेंब रस टाकायचा, झाकण लावायचं आणि उजेडाकडे धरून दुसऱ्या टोकाला डोळा लावायचा. आत वर निळं, खाली पांढरं दिसतं. दोन्हींची हद्द जिथे, तो आकडा. साखरेच्या पाण्यात १ ब्रिक्स म्हणजे १०० ग्रॅम द्रावणात १ ग्रॅम साखर. भाजीच्या रसात क्षार, आम्लंही असतात आणि ही नळी तीही साखरेतच धरते. बॅटरीची भानगड नाही.

खरी मेहनत रस काढण्याची. गाजर किसून सुती रुमालात जीव खाऊन पिळावं लागतं, आणि रस गढूळ आला तर हद्द धूसर दिसते. एकाच गाजराच्या डोक्याचा आणि शेंड्याचा आकडाही जुळत नाही, त्यामुळे मी नेहमी मधलाच तुकडा घेते.

एकाच वाफ्यातली, एकाच दिवशी पेरलेली गाजरं. थंडीआधी उपटलेली ७ च्या आसपास होती. मग रात्रीचं तापमान ४-५ अंशांवर यायला लागलं. तीन आठवड्यांनी उपटलेली ९.५, एक तर चक्क १०! थंडीत वाढ मंदावते, श्वसनात साखर कमी जळते, आणि पानं दिवसा उन्हात बनवतात ती साखर मुळात साठत जाते. हीच साखर पेशींना गारठ्यात सांभाळते. गोठणबिंदू मात्र तिने फारसा उतरत नाही. मी हिशेब केला: १० टक्के साखरेने जेमतेम ०.६ अंश. मला वाटलं होतं त्यापेक्षा फारच कमी.

इथवर नळीवर खूश होते. मग फ्रिजमध्ये विसरलेलं एक मऊ पडलेलं गाजर मोजलं, तर आकडा ११! गोडी वाढली नव्हती, पाणी उडालं होतं. तेव्हापासून वाकणारं गाजर मोजतच नाही.

त्याहून मोठा फजितीचा प्रसंग सफरचंदांचा. वाफ्यातलीच काही गाजरं सफरचंदांच्या कप्प्यात राहिली. दोन आठवड्यांनी नळीत ९.५, म्हणजे उत्तम. मी ऐटीत ह्यांच्या हातात तुकडा दिला. त्यांनी चावला आणि तोंड वाकडं करून सिंकपाशी गेले. कडू! सफरचंदातून इथिलीन वायू सुटतो आणि त्याने गाजरात कडवट द्रव्य तयार होतं. ते इतकं थोडं असतं की नळीला पत्ता लागत नाही, जिभेला मात्र लगेच लागतो. उष्ण हवेत वाढलेल्या गाजरांचा उग्र, टर्पेंटाइनसारखा वासही असाच नळीच्या नजरेतून सुटतो. थंडीच्या गाजरात साखर वाढते तसा हा उग्रपणाही कमी असतो, आणि चवीतला अर्धा फरक मला तरी त्याचाच वाटतो. म्हणजे ही नळी अर्धीच गोष्ट सांगते.

बटाटा हे मूळ नव्हेच, खोड. तरी फ्रिजमधले मोजले. आकडा चढला होता, कारण गारठ्यात त्याच्या स्टार्चची साखर होते. त्या साखरेमुळे तळल्यावर काप आतून शिजायच्या आधीच काळपट झाले. इथे नळीने आधीच इशारा दिला होता, मीच ऐकला नाही.

तक्रारी दोन. झाकणाची बिजागरी महिन्याभरात सैल झाली. दुसरी जास्त चीड आणणारी: तापमानामुळे आकड्यात पडणाऱ्या फरकाची भरपाई आपोआप होते ती फक्त १० ते ३० अंशांत, हे माहितीपत्रकाच्या शेवटी बारीक अक्षरात आहे. मी पहाटे वाफ्यातच उभं राहून मोजत होते, ते पहिल्या आठवड्याचे सगळे आकडे फुकट गेले. आता नळी आणि गाजर दोन्ही घरात आणून तासभर ठेवते, ऊर्ध्वपातित पाण्याने शून्य जुळवते, मगच पिळायला बसते.

पाचपैकी साडेतीन तारे. स्वतःचा वाफा असेल आणि कधी उपटायचं ते ठरवायचं असेल तर जरूर घ्या. नुसती गाजरं विकत आणायची असतील तर एक चावून बघा. आणि शून्य जुळवायचा तो इवलासा स्क्रूड्रायव्हर डबीतच ठेवा. माझा तिसऱ्याच दिवशी किसणीच्या डब्यात गेला आणि महिनाभर सापडला नाही.