पर्सनॅलिटी टेस्ट घ्यायची का? खेळाडू निवडताना आणि नोकरीला माणूस घेताना

तुम्ही टीमचे कोच असाल किंवा ऑफिसात भरती तुमच्याकडे असेल आणि कुणीतरी "अर्ध्या तासात माणूस कसा आहे ते सांगतो" म्हणत टेस्ट विकायला आलं असेल तर हे वाचा. माझं मत आधीच सांगून टाकतो. नोकरीसाठी नीट निवडलेली टेस्ट थोडीफार कामाला येते, तीही बाकीच्या गोष्टींच्या जोडीला. खेळाडू निवडायला मात्र घेऊच नका, निवड झाल्यावर त्यांना सांभाळायला काही गोष्टी जरूर वापरा.

आधी टेस्ट-टेस्टमधला फरक बघू, कारण सगळा घोळ तिथेच होतो.

सगळ्यांना माहीत असलेली म्हणजे एमबीटीआय. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगने १९२१ मध्ये स्वभावाचे प्रकार मांडले, त्यावरून अमेरिकेत कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल मायर्स यांनी ही बनवली, निकाल चार अक्षरांत येतो, असे एकूण १६ प्रकार. वाचायला मजा येते, पण अडचण अशी की बहुतेक माणसं कुठल्याही गुणात मधेच कुठेतरी असतात आणि ही टेस्ट बरोबर मधोमध रेघ मारते, त्यामुळे रेघेच्या जरासा अलीकडचा आणि जरासा पलीकडचा असे जवळपास सारखेच दोघं वेगवेगळ्या खोक्यात जाऊन पडतात, आणि तोच माणूस काही आठवड्यांनी परत बसला तर एखादं अक्षर बदललेलं निघतं. ही टेस्ट विकणारी कंपनी स्वतःच सांगते की भरतीत माणसं गाळायला ती वापरू नका. तरीही लोक वापरतात, कारण निकाल वाचून "अरे, हा तर मीच" वाटतं. त्या वाटण्यावर जाऊ नका. १९४९ मध्ये बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने ३९ विद्यार्थ्यांची टेस्ट घेतली आणि प्रत्येकाला 'तुझा' म्हणून एकच मजकूर शब्दन् शब्द तसाच दिला, त्यांनी तो किती जुळतो याला ५ पैकी सरासरी ४ च्या वर मार्क दिले.

दुसरी बिग फाइव्ह. यात खोकी नाहीत, पाच गुणांच्या पट्ट्या आहेत: नव्याची ओढ, कामातला नेटकेपणा, बहिर्मुखता, जुळवून घेणं आणि मनाची अस्थिरता. अभ्यासकांचा भरवसा हिच्यावर जास्त आहे. १९९१ मध्ये बॅरिक आणि माउंट या संशोधकांनी आधीचे ढीगभर अभ्यास एकत्र करून पाहिले तर नेटकेपणा हा एकच गुण जवळपास सगळ्या प्रकारच्या कामांत उपयोगी दिसला. पण किती उपयोगी हे बघा. २०२२ मध्ये सॅकेट आणि सहकाऱ्यांनी नव्याने हिशोब मांडला त्यात नेटकेपणाचा कामगिरीशी संबंध ०.१९ आणि ठरलेल्या प्रश्नांच्या मुलाखतीचा ०.४२ आला (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण जुळणी). ०.१९ म्हणजे माणसा-माणसांच्या कामात जो फरक दिसतो त्याच्या १०० भागांतले जेमतेम ४ भाग कळतात. म्हणून पैसे आणि वेळ मर्यादित असेल तर आधी मुलाखत सुधारा, सगळ्यांना तेच प्रश्न, तीच मार्क द्यायची पद्धत, आणि जमलं तर प्रत्यक्ष कामाचा एखादा तुकडा करून घ्या.

तिसरी एमएमपीआय, तिच्याबद्दल एवढंच की ती मानसिक आजार तपासायला बनलेली आहे, तिच्या दुसऱ्या आवृत्तीत ५६७ वाक्यं आहेत, आणि २००५ मध्ये अमेरिकेतल्या एका अपील कोर्टाने ती वैद्यकीय तपासणीच ठरवली. भरतीत नकोच.

आता खोटं उत्तर देण्याचा मुद्दा. मी स्वतः एका नोकरीसाठी असा फॉर्म भरलाय. "माझी चिडचिड होते" असं वाक्य आणि खाली पाच गोल, नेहमीपासून कधीच नाहीपर्यंत. खरं उत्तर मधला गोल होता. मी थोडा वेळ थांबलो आणि शेवटच्यावर क्लिक केलं, कारण नोकरी हवी होती. शेजारी बसलेल्याने खरं लिहिलं असेल तर तो माझ्या मागे गेला असणार, ते मला आजही बोचतं. यावर थोडा इलाज आहे, दोन्ही सारखीच चांगली वाटणारी वाक्यं देऊन एक निवडायला लावतात, त्याने लबाडी कमी होते पण संपत नाही.

खेळात गोष्ट अजून अवघड. १९६० च्या दशकात ब्रूस ओगिल्व्ही आणि थॉमस टुटको यांनी खास खेळाडूंसाठी प्रश्नावली काढली, जिद्द, आक्रमकता, कोचचं ऐकणं असं मोजणारी, आणि ती खूप चालली. पण तिच्यावरून कोण पुढे यश मिळवेल हे सांगता येतं असा भक्कम पुरावा काही उभा राहिला नाही. कारण समजण्यासारखं आहे. निवडीपर्यंत पोचलेली पोरं सगळीच मेहनती आणि जिद्दी असतात, बाकीची कधीच गळालेली असतात, मग उरलेल्यांत फरक तो किती दिसणार? शिवाय खेळाडूचा खेळ समोर दिसतो की! मी एक गोलकीपर पाहिलाय, मॅचच्या आधी दर वेळी उलटी व्हायची, हात थरथरायचे, आणि शिट्टी वाजली की भिंत. कागदावर तो 'अस्थिर' निघाला असता आणि घरी गेला असता.

(एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉल लीग, तिथल्या वंडरलिक टेस्टचा दाखला कुणी दिला तर लक्षात ठेवा, ती स्वभावाची टेस्ट नव्हतीच, १२ मिनिटांत ५० प्रश्न अशी बुद्धीची होती आणि २०२२ मध्ये कंबाइनमधून, म्हणजे नव्या खेळाडूंच्या चाचणी शिबिरातून, तीही काढली.)

खेळाडूंसाठी मी पोम्ससारखी मूडची प्रश्नावली सुचवेन. ताण, खिन्नता, राग, जोम, थकवा, गोंधळ असे सहा मूड. सराव अति झाला की जोम खाली येतो आणि थकवा वर जातो, आणि हे खेळाडूची तुलना त्याच्याच मागच्या आठवड्याशी केली की पटकन दिसतं. अट एकच, हा कागद निवड समितीकडे जाता कामा नये. एकदा का पोरांना कळलं की यावरून टीममधून नाव कटतं, की सगळे "मी एकदम फ्रेश" लिहायला लागतील आणि खरंच थकलेला कोण ते तुम्हाला कळणारच नाही.

टेस्ट विकणाऱ्याला तीन गोष्टी विचारा: तोच माणूस महिन्याने बसला तर निकाल किती बदलतो, तुमच्यासारख्याच कामातल्या किंवा खेळातल्या लोकांवर ती तपासलीय का, आणि निकाल माणसाला स्वतःला दाखवणार का. तिसऱ्याला "नाही, तो फक्त मॅनेजमेंटसाठी" असं उत्तर आलं तर मी असतो तर तिथेच मीटिंग संपवली असती.